शेऱ्याचा रकाना

समुद्र इथून लांब आहे.
फत्तेगंजच्या आमच्या प्रयोगशाळेत तो येतो
दुहेरी गाठ मारलेल्या पिशव्यांतून,
एकेक किलोचा,
काळ्या शाईनं आकडा घातलेला.

जिगीषा आणते. रात्रभर एसटीत
पायांशी पोतं धरून.
तिच्या नखांत अजून मीठ असतं.
पिशव्या टेबलावर मांडते आणि म्हणते,
"मंदाकिनीबेन, आ वखते वीस."

काम सोपं आहे.
वाळू ओव्हनमध्ये सुकवायची, तोलायची,
चाळण्यांच्या उतरंडीत ओतायची,
आणि यंत्र थरथरत असताना दहा मिनिटं चहा.
मग चाळणीचाळणीतलं उरलेलं मोजायचं.
फार जाड असेल तर खड्डा ढासळतो,
फार बारीक असेल तर अंड्यांना श्वास पुरत नाही.
बाकीचं, उतार, भरतीची रेघ, सुरूची मुळं,
दिवे, कुत्री, ट्रॅक्टरची चाकोरी,
ती तिथूनच लिहून आणते.
फॉर्मच्या माथ्यावर छापलंय: स्थळ-पाहणी.

मला हसू येतं.
माझ्या वेळी बाबा आले होते मिरजेहून
बाबाजीपुऱ्यातलं घर बघायला.
चार दिवस राहिले.
नळाला पाणी किती वाजता येतं,
जिन्याला कठडा आहे का,
सासूबाई बोलतात की ओरडतात.
विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून मगरीसुद्धा मोजल्या. तीन.
पोस्टकार्डावर आईला लिहिलं:
पाणी गोड आहे. माणसं बेताची. हरकत नसावी.
मी तेव्हा टायपिंगच्या क्लासात
तीसचा वेग चाळीसवर नेत होते.
बडोदं नकाशात कुठं, हे नंतर पाहिलं.

कासवीण मात्र स्वतः येते.
रात्री, भरतीरेषेच्या वर, देह फरफटत.
वाळूत तोंड खुपसते म्हणे, हुंगते बहुधा,
थोडं खणते, थांबते.
नाही पटलं तर वळते.
जिगीषानं फोटो दाखवला:
वर गेलेली वाट, खाली आलेली वाट,
मधे काही नाही.
मी तो फोटो बराच वेळ हातात धरून होते.

"अने वाळू तापली की सगळ्या मुलीच होतात,"
ती म्हणाली, काळजीनं.
मुलीच होतात, ही काळजी
मी वेगळ्या सुरात ऐकत मोठी झाले. आम्ही चौघी.
तेव्हा बोल आईला लागला होता,
वाळूचं कुणी नाव काढलं नाही.

मंगळवारी नमुना चौदा.
भरड. शिंपल्यांचा चुरा. उतार जास्त.
जिगीषाच्या अक्षरात: मागे पार्टी-प्लॉट, लग्नाचे दिवे, डीजे.
गुण बत्तीस. पन्नासच्या आत अयोग्य.
मी शिक्का उचलला होता.

सगळ्यात वरच्या चाळणीत, शिंपल्यांत,
काहीतरी वळलेलं. कागद वाटला.
चिमटीत धरलं: पांढुरकं, चामड्यासारखं, फाटलेलं.
कडा बाहेरच्या बाजूला मुडपलेल्या.
म्हणजे कुत्र्यानं नाही.
आतून.

यंत्र कधीच थांबलं होतं,
चहावर साय धरली होती.
एवढ्या दिव्यांत, एवढ्या चढावर, असल्या वाळूत
कुणीतरी आपलं आपण ठरवलं होतं,
आणि कुणीतरी निघूनही गेलं होतं, इवलंसं, पाण्याकडे.

फॉर्मवर ह्याला रकाना नाही.
कवचाचं वजन भरलं शून्य दशांश शून्य चार.
ते वाळूत धरायचं की वजा करायचं, ठाऊक नाही.
मी शिक्का मारलाच, कारण गुण बत्तीसच होते.
आणि खाली, शेऱ्यात,
बाबांच्यासारख्या उभट अक्षरात लिहिलं:
येऊन गेली आहे.

मग पंधरावी पिशवी सोडली.
अजून ओली होती.